नकाशावरची पाच मिनिटं

"पाच मिनिटं?" त्याने विचारलं.

मी पायऱ्यांच्या तळाशी उभी होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कागद आणि मान जितकी वर जाईल तितकी वर. समोर रस्ता नव्हताच. पायऱ्या होत्या. दगडी, अरुंद, दोन्ही बाजूंनी घरांच्या भिंती आणि शेवटी कुठेतरी आभाळाचा एक तुकडा. समुद्रावरून बारीक भुरभुर येत होती आणि पायऱ्या ओल्या होऊन चकाकत होत्या. त्यांवरून हा उतरत आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायांत जुने कॅनव्हासचे बूट, हातात छत्री... आणि तीही मिटलेली.

"हो," मी म्हणाले. "इथे... असंच लिहिलंय."

"सगळ्यांना असंच लिहून देतात." त्याने छत्री उघडून माझ्या हातात दिली, माझी बॅग खांद्यावर टाकली आणि चढायला लागला. "चला. बोलायचं नाही, श्वास वाचवायचा. एकशे छत्तिसाव्या पायरीवर बाक आहे, तिथे बोलू."

यातली खरी गोम अशी होती की तो कागद मीच लिहिला होता.

मी क्रूझच्या जहाजावर माहिती कक्षात काम करते. जेवणाची वेळ, डॉक्टरची खोली, हरवलेला चष्मा, उद्याचं हवामान, सगळं लोक मला विचारतात. जहाजावर माझं नावच 'चौकशी' पडलंय. आमच्या बऱ्याच प्रवाशांची एक सफर या बंदरात संपते आणि दुसरी तीन-चार दिवसांनी इथूनच सुरू होते. मधल्या दिवसांत शहर बघायचं तर उतरायचं कुठे, हा प्रश्न मला चार वर्षांत काही हजार वेळा विचारला गेला असेल. आणि मी दर वेळी तोच कागद पुढे केला. त्यावर आठ हॉटेलं होती. पहिल्या नंबरवर जुन्या गावातलं एक छोटं हॉटेल, 'धक्क्यापासून पायी पाच मिनिटं'.

त्याला पहिला नंबर मी का दिला, हे सांगायला लाज वाटते. त्यांच्या पत्रकावर एक फोटो होता. खिडकी, खिडकीशी गोल टेबल, टेबलावर एकच कप. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तो बघितला आणि वाटलं, कधीतरी आपण इथे बसायचं. झालं. पाच मिनिटं मी नकाशावर पट्टी ठेवून काढली होती. पट्टीचं काही चुकलं नव्हतं. त्या नकाशावर रस्ता आणि पायऱ्या एकाच रेघेने काढल्या होत्या, एवढंच.

चार वर्षांत मी त्या शहरात पाऊल टाकलं नव्हतं. जहाज धक्क्याला लागलं की माझ्यापुढे रांग लागायची ती शिडी उचलेपर्यंत. या वेळी पहिल्यांदाच मी स्वतः दोन जहाजांच्या मध्ये सापडले होते. जुन्याचा करार सोमवारी सकाळी संपला, नवं गुरुवारी चार वाजता सुटणार होतं. आणि हॉटेल निवडायची वेळ आली तेव्हा मी तीन आठवडे घोळ घातला. बंदरासमोरचं मोठं हॉटेल की जुनं गाव? शेवटी माझ्या खोलीतली मैत्रीण, जी जहाजावर केस कापते, कात्री आपटून म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! हजार लोकांना पाठवलंस ना तिथे? मग जा की."

म्हणून मी गेले. आणि एकशे छत्तिसाव्या पायरीवरच्या बाकावर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"पाणी?" त्याने बाटली पुढे केली. तो साधा दमलासुद्धा नव्हता. "तुम्ही बऱ्या आहात. इथपर्यंत येऊन अर्धे लोक परत जातात. काही जण माझ्यावर ओरडतात. एका काकूंनी पर्स मारली."

"तुम्हाला? पण... तुम्ही काय केलंत?"

"मी वर राहतो, हा माझा गुन्हा." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, डाव्या. "हॉटेल माझ्या आत्याचं आहे. मी खोल्या बघतो, नळ बघतो, काउंटर बघतो. आणि जहाज आलं की खाली उतरून बॅगा आणतो. चार वर्षं. सगळी त्या पाच-मिनिटवाल्या बाईची कृपा."

"बाई... कशावरून?"

"अक्षरावरून. आणि एकदा भेटायचंय मला तिला." त्याने बॅग पुन्हा खांद्यावर घेतली. "काही बोलणार नाही मी. फक्त एक बॅग तिच्या हातात देणार आणि सांगणार, बाई, चढा. दोनशे बारा पायऱ्या आहेत. मी शेजारून रिकाम्या हाताने चालणार."

त्याच क्षणी सांगून टाकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण उरलेल्या शहात्तर पायऱ्या मी त्याच्या पाठीकडे बघत, ओठ मिटून चढले.

वर काउंटर होता, छोटासा. त्यामागे किल्ल्यांची फळी आणि फळीखाली पिनेने टोचलेला एक कागद. मी तो लांबूनच ओळखला. ते आमच्या कक्षाचं उत्तर होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला सविस्तर पत्र पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. पायऱ्या किती, चढायला किती वेळ, म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात, सगळं. मला ते पत्र आठवतसुद्धा नव्हतं. आठवणार कसं? दिवसाला चाळीस पत्रं यायची आणि चाळिसांना एकच उत्तर जायचं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. आभारी आहोत.' खाली शिक्का आणि कोंबडीच्या पायांसारखी माझी सही.

"आमचा मोठा सन्मान आहे तो," माझी नजर तिकडे गेलेली बघून तो म्हणाला. "नोंद घेतलीय त्यांनी. दोन वर्षं झाली, अजून घेतायत. इथे नाव लिहा. आणि काम काय करता ते."

"जहाजावर," मी म्हणाले.

"जहाजावर काय?"

पेन हातात तसंच राहिलं. "कपडे," मी म्हणाले. "म्हणजे... धुलाई विभागात." आणि लिहूनही टाकलं, अक्षर मुद्दाम तिरकं करून.

खोटं बोलण्याची एक अडचण असते, ते लगेच कामाला लागतं. संध्याकाळी आत्या टेबलक्लॉथ घेऊन आल्या. आत्या म्हणजे बुटक्या, ताठ, चष्मा कपाळावर आणि चष्मा कुठे गेला म्हणून सगळ्यांना विचारणाऱ्या. सगळे पाहुणे त्यांना आत्याच म्हणायचे.

"बरं झालं बाई तू आलीस," त्या म्हणाल्या. "हा अंड्याचा डाग. कशाने जाईल?"

"गरम पाण्याने," मी ठोकून दिलं. "चांगलं कडकडीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग शिजून पक्का झाला होता. आत्यांनी टेबलक्लॉथ उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा डागाकडे बघितलं. "जहाजावर सगळ्यांचे कपडे असेच धुता?" त्यांनी विचारलं. मी चहात तोंड घातलं. काउंटरवर कोणीतरी खोकला आला म्हणून तोंड फिरवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

मंगळवारी मी शहर बघायला निघाले तर हा बूट घालून दारात उभा.

"आज जहाज नाही," तो म्हणाला. "बॅगा नाहीत. पायांना सवय आहे, बसवत नाही. तुमची हरकत नसेल तर..."

माझी हरकत नव्हती. माझ्या मनात तर हरकतीच्या अगदी उलट काहीतरी चाललं होतं.

शहर मला तोंडपाठ होतं, तीच पंचाईत होती. घड्याळाच्या मनोऱ्यासमोर उभी राहिले आणि जीभ आपोआप सुटली. "उंची एकशे चार फूट, बांधायला एकवीस वर्षं लागली, वरच्या सज्ज्यातून बंदराचं विहंगम दृश्य दिसतं, लहान मुलांना प्रवेश मोफत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पाठ केलंय?"

"वाचलंय... कुठेतरी."

"मग हे वाचलंय का, की हे घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे? माझ्या लहानपणापासून. कोणी दुरुस्त करत नाही. उलट मनोऱ्याखाली भेटायचं ठरलं की अकरा मिनिटं उशीर माफ असतो. गावाचा नियमच झालाय तो."

हे माझ्या कागदावर नव्हतं. कासारांच्या गल्लीत दुपारी ठोकाठोक थांबते तेव्हा कानांना चुकल्यासारखं वाटतं, हे नव्हतं. संग्रहालयाचा पहारेकरी तिसऱ्या दालनात खुर्चीवर झोपतो आणि लोक त्याच्यासाठी चवड्यांवर चालतात, हेही नव्हतं. आम्ही दोघंही चवड्यांवर चाललो. मध्येच माझा तोल गेला, त्याने कोपराला धरलं आणि दालन संपल्यावरही थोडा वेळ सोडायचं विसरला. मीही आठवण करून दिली नाही. चार वर्षं मी लोकांना हे शहर वाटत होते आणि मला स्वतःला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"उद्या दहाला मनोऱ्याखाली," संध्याकाळी तो म्हणाला. "सकाळी मला नळवाल्याकडे जायचंय, तिथूनच येईन."

बुधवारी मी दहाला पोचले तेव्हा तो आधीच तिथे होता. हातात दोन कागदी कप आणि एकातली कॉफी निवलेली.

"अकरा मिनिटं माफ होती ना?" मी म्हणाले.

"होती. पण म्हटलं, या घड्याळावर विसंबलो तर तुझी अकरा मिनिटं फुकट जातील. तुझ्याकडे आहेतच किती..."

तो थांबला. तुमची म्हणायचं राहून गेलं होतं. ते त्याच्याही लक्षात आलं, माझ्याही. त्याचे कान लाल झाले आणि तो कपाचं झाकण उगाचच काढून पुन्हा लावायला लागला.

"निवलेला कप मला दे," मी म्हणाले. मग पुन्हा अहो-जाहो कोणी केलं नाही.

त्या संध्याकाळी पाऊस जरा जोरात आला. आम्ही खिडकीशी बसलो होतो, त्याच गोल टेबलाशी. फोटोत एक कप होता. आता दोन होते. खाली बंदराचे दिवे लागत होते, ओल्या काचेतून पसरट दिसत होते. माझं नवं जहाज धक्क्याला लागलं होतं, पांढरं आणि प्रचंड. दोघांनाही ते दिसत होतं, पण त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

"एक सांगू?" तो काचेवर बोटाने रेघ ओढत म्हणाला. "त्या बाईचे आभारच मानायला हवेत. तिने पाच मिनिटं लिहिली नसती तर तू खालच्या मोठ्या हॉटेलात उतरली असतीस."

आता सांग, मी स्वतःला म्हणाले. आता नाही तर कधी? "मला तुला एक..."

"अगं, मिठाने काढून बघू का हा डाग?" आत्या टेबलक्लॉथ घेऊन आत आल्या.

मी त्या डागाकडे बघितलं आणि माझं सगळं धैर्य त्यात विरघळलं. आत्या गेल्यावर त्याने विचारलं, "काय सांगत होतीस?"

"काही नाही. चहा छान आहे."

"हं." तो हसला. "पण ती भेटली ना, तर बॅग मात्र उचलायला लावणार. तो हट्ट आहे माझा."

रात्री झोप कसली येतेय. मला काय गमवायचं होतं ते आता स्पष्ट कळत होतं. गोड बोलून निघून गेले असते तर त्याच्या आठवणीत एक धुलाईवाली मुलगी राहिली असती, जिला डाग काढता येत नाहीत. आवडली असती त्याला ती. पण ती मी नव्हते. आणि खरं सांगितलं तर तो मग ज्या नजरेने बघेल ती सोसायची माझी तयारी नव्हती. सकाळपर्यंत मी एवढंच ठरवू शकले की चार वाजायच्या आत सांगायचं. कसं, ते काही ठरेना.

गुरुवारी सकाळी ते आपोआप ठरलं. आमच्याच कंपनीचं आणखी एक जहाज आलं होतं. तो आधीच एका कुटुंबाच्या दोन बॅगा घेऊन वर येत होता. मी शेवटची चक्कर म्हणून खाली उतरले. तळाशी एक आजी-आजोबा उभे होते. आजोबांच्या हातात माझा कागद होता आणि मान जितकी वर जाईल तितकी वर.

"अगं पोरी," आजोबा म्हणाले, "पाच मिनिटं लिहिलंय. हे पाच मिनिटांचं दिसतंय का तुला?"

"नाही आजोबा. चूक आहे ती."

"कोणत्या शहाण्याने लिहिलंय?"

"मी," मी म्हणाले. "मीच लिहिलंय. द्या ती बॅग."

बॅग हातात घेतली आणि वळले तर तीन पायऱ्या वर तो उभा. पुढच्या फेरीसाठी खाली आला होता. हात तसेच अर्धवट पुढे आलेले, बॅग घ्यायला. त्याने सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, तो हसेल. तो हसला नाही. चिडलाही नाही. त्याने हळूहळू ते हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले.

"चढा," तो म्हणाला. चढ नव्हे... चढा.

मी चढले. आजोबांच्या बॅगेत काय होतं देव जाणे, बहुतेक दगड जमा करत असावेत. पन्नासाव्या पायरीला हात बदलला. ऐंशीला बदलायला हातच उरला नव्हता. तो शेजारून चालत होता, ठरवल्याप्रमाणे, रिकाम्या हाताने. आजी-आजोबा मागून सावकाश येत होते आणि आजी म्हणत होत्या, "अरे, घे की रे तिच्या हातातली! कसला मुलगा आहे हा." बाकावर मी दोन मिनिटं टेकले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

दोनशे बारा. काउंटरसमोर मी बॅग ठेवली. त्याने आजी-आजोबांना किल्ली दिली, खोली दाखवली, परत आला. मग फळीखालचं पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"ही सही तुझी?"

"हो."

"दोन वर्षं बघतोय. नाव लागत नव्हतं." तो काउंटरच्या पलीकडच्या स्टुलावर बसला. "पाच मिनिटांचं मला काही नाही. चूक होते माणसाची. पण हे तीन दिवसांचं काय? मी रोज त्या बाईच्या गोष्टी सांगत होतो आणि तू समोर बसून ऐकत होतीस. मजा वाटली?"

"नाही." डोळे भरून आले होते, पण आता लपवायचं काय राहिलं होतं? "पहिल्या दिवशी भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून... तू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतास ती मला आवडायला लागली. मी कोण ते सांगितलं असतं तर तू त्या बाईकडे बघितलं असतंस, माझ्याकडे नाही. आणि मला तू आवडतोस. हेही सांगायचं राहिलं होतं. घे, आता सगळं सांगून झालं."

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग आत्यांचा स्वर आला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ही धुलाईतली नाही म्हणून. कडकडीत पाणी म्हणे!"

तरीही तो हसला नाही. "मला जरा वेळ दे," एवढंच म्हणाला आणि उरलेल्या बॅगांसाठी खाली निघून गेला.

बारा वाजले होते. मी खिडकीशी बसले आणि मला जे येतं ते करायला घेतलं. नवा कागद लिहायला. 'धक्क्यापासून दोनशे बारा पायऱ्या. सामान नसेल तर पंधरा मिनिटं, असेल तर पंचवीस. एकशे छत्तिसाव्या पायरीवर बाक आहे, तिथे बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. गुडघे दुखत असतील तर बंदरासमोरचं हॉटेल चांगलं आहे. नसतील तर इथेच या. मनोऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे, ते तसंच चालवून घ्यावं. संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात चवड्यांवर चालावं. बॅग उचलायला माणूस खाली येतो. त्याच्यावर ओरडू नये. चूक त्याची नव्हती.'

शेवटची ओळ लिहीत होते तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला होता. कधी आला कळलं नाही. खांद्यावरून वाचत होता. त्याच्या शर्टाला पावसाचा आणि घामाचा वास येत होता.

"असं खरं लिहिलंस तर कोण चढेल?" तो म्हणाला.

"कोणीच नाही कदाचित," मी म्हणाले. "मग काय करू? पाच मिनिटंच ठेवू?"

"नको." तो समोरच्या खुर्चीवर बसला. "मी आता खाली जाताना हिशेब करत होतो. चार वर्षांत आमच्याकडे जो कोणी आला तो तुझ्या पाच मिनिटांमुळेच आला. आठ हॉटेलांत आमचं पहिलं का ठेवलंस?"

मी बोटाने टेबल दाखवलं. मग खिडकी. मग कप. फोटोची गोष्ट सांगितली. ऐकताना त्याच्या डाव्या गालाची ती खळी आधी हलली, मग नीट पडली.

"तो कप माझा होता," तो म्हणाला. "फोटो काढणाऱ्याने मला बाजूला व्हायला सांगितलं होतं. म्हणाला, माणूस नको, नुसता कप राहू दे." मग म्हणाला, "मला त्या बाईचा राग होता असं मी सगळ्यांना सांगायचो. पण जहाज आलं की मी पळतच खाली जायचो. वाटायचं... एखाद्या दिवशी तीच येईल. आली तर ओळखायलाही आलं नाही मला."

त्याने टेबलावर हात ठेवला, पालथा. मी माझा त्यावर ठेवला. बाहेर पाऊस थांबला होता आणि खाली कुठेतरी माझ्या नव्या जहाजाचा भोंगा वाजला. तीन वाजले होते.

पायऱ्या उतरताना बॅग त्याने घेतली, पण एक बंद माझ्या हातात दिला. "अर्धी अर्धी," म्हणाला. आम्ही मोठ्याने मोजत उतरलो, आणि दोन वेळा चुकलो, कारण मध्येच कोणीतरी कोणाकडे तरी बघत होतं. बाकावर बसलो. तिथे काय बोललो ते मी लिहिणार नाही. बोलणं फारसं झालंही नाही.

कर्मचाऱ्यांचं दार जहाजाच्या तळाशी, धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला असतं. तिथे त्याने माझ्या हातात एक पाकीट दिलं. "माहिती कक्षासाठी आहे," तो म्हणाला. "उत्तर लागेल. आणि इथे थांबणार आहे मी."

मी आत जाऊन दाराशीच ते फोडलं.

'विषय: तक्रार. आपल्या जहाजाने आमच्या हॉटेलातली एक पाहुणी आज नेली आहे. खोली क्रमांक सात आणि खिडकीजवळचं टेबल तिच्यावाचून ओकं झालं आहे. आत्यांचा टेबलक्लॉथ खराब झाला आहे तो वेगळा. मला ती फार आवडते. कृपया नुसती नोंद घेऊ नये, काहीतरी करावं.'

हसू आणि रडू एकदमच आलं. शेजारी सामान मोजणाऱ्या खलाशाकडून पेन मागून घेतलं आणि त्याच कागदाच्या मागे लिहिलं.

'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे. पुढची कार्यवाही अशी: सहा महिन्यांनी हा करार संपेल, त्यानंतर दोन जहाजांच्या मध्ये सहा आठवडे सुट्टी आहे. शहरात कुठे उतरायचं ते ठरलेलं आहे, यादी बघण्याची गरज नाही. टेबलक्लॉथ नवा आणला जाईल. तक्रार करणाऱ्यावर माहिती कक्षाचं मनापासून प्रेम आहे.'

खाली सही केली. या वेळी एकेक अक्षर वाचता येईल अशी. कागद खलाशाच्या हाती धक्क्यावर दिला.

त्याने तो उभ्याउभ्याच वाचला. मग पुन्हा वाचला. सहीवरून एकदा अंगठा फिरवला. तोपर्यंत दोर सुटले होते आणि आमच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसायला लागली होती.

"सहा महिने!" त्याने ओरडून विचारलं. "नकाशावरचे की पायऱ्यांवरचे?"

नवीन जहाजाचं वेळापत्रक माझ्या खिशातच होतं, आणि माझी खोड जाणार कुठे, ते मी केव्हाच पाठ केलं होतं. तिसऱ्या महिन्यात, अठरा तारखेला, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, हेच बंदर.

"पायऱ्यांवरचे!" मी ओरडले. "पण मध्ये एक बाक आहे!"